जिनाच्या फाटकाबाहेर

दिवाळी उलटली आणि दगडोबा आणि शकुबाई गाव सोडून हिंगोलीला आले. औंढ्याजवळच्या त्यांच्या गावात घरची जमीन चौघा भावांत होती. रब्बीची पेरणी आटोपली की चौघांच्या हातांना पुरेल एवढं काम शेतात उरत नसे. थोरला भाऊ सोनाजी म्हणाला, "कापसाचा हंगाम हाय. ठेसनाजवळच्या जिनात नवरा-बायको दोघांनाबी घेतात. पाडव्यापर्यंत जाऊन या."

जिनात सगळीकडून कापसाच्या गाड्या येत. फाटकाबाहेर त्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत लागायची. आत बाया रेच्यांपुढे बसून कापूस सोडायच्या, रेच्याचं यंत्र सरकी वेगळी करून रुई पुढे फेकायचं, आणि ती रुई प्रेसमध्ये दाबून पुरुष तिच्या गाठी बांधायचे. शकुबाईला रेच्यावर घेतलं, दगडोबाला प्रेसवर. रुळांच्या पलीकडे मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यांतली एक त्यांना मिळाली.

दगडोबा गावात कुणाला वाट विचारणारा माणूस नव्हता. उलट लोक त्याला विचारत. कोणत्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात टिकतं, कोणत्या बांधावर साप असतो, शिवरात्रीच्या जत्रेत औंढ्याच्या देवळात कोणत्या बाजूनं शिरलं की चेंगरायला होत नाही, हे सगळं त्याला ठाऊक होतं. शकुबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला ते गाव त्यानंच दाखवलं होतं. ती मागून चालायची आणि विचारायची, तो पुढं चालायचा आणि सांगायचा. लेकरू अजून नव्हतं, त्यामुळे दोघं एकमेकांशीच बोलत. त्याला तो संसार आवडत होता.

हिंगोलीला उतरल्या दिवशी त्यानं एका टांगेवाल्याला जिनाची वाट विचारली. टांगेवाला हिंदीत भराभर काहीतरी बोलला. दगडोबाला एवढंच कळलं की बाजूला उभे असलेले लोक हसले. मग शकुबाईनंच एका भाजीवालीला विचारलं आणि वाट सापडली. त्या दिवसापासून दगडोबानं ठरवून टाकलं, आपण भलं, आपलं काम भलं. जीन आणि खोली, खोली आणि जीन.

दुपारी भोंगा वाजला की काम थांबायचं. प्रेसवरचे पुरुष भाकर खाऊन गाठींच्या सावलीला आडवे व्हायचे. अंगात जोरच उरलेला नसायचा. दगडोबाही डोक्याखाली रुमाल घेऊन झोपायचा. बायांपैकी काही फाटकाबाहेर जात. शकुबाईच्या शेजारच्या रेच्यावर नीलाबाई नावाची बाई होती. तिचं लेकरू पाच-सहा महिन्यांचं. ते ती पलीकडच्या पिंजाऱ्यांच्या गल्लीत अमिनाबीकडे ठेवून यायची आणि दुपारच्या सुटीत जाऊन पाजायची. एक दिवस ती शकुबाईला म्हणाली, "येतीस का संगं? हिथं धुरळ्यात बसून काय करशील?"

शकुबाई गेली. आणि मग रोज जायला लागली.

पहिल्या संध्याकाळी ती भाकरी थापता थापता सांगत होती. पिंजाऱ्यांच्या गल्लीत प्रत्येक ओसरीवर कापूस पिंजून राहिले होते, धनुकलीचा आवाज ऐकला की पोटात गुदगुल्या होतात. अमिनाबी रजया शिवते, तिची सुई केवढी लांब. नीलाबाई पाजून उठली की लेकरू तिच्या मांडीवर झोपतं आणि ती त्याच्यावरूनच दोरा ओढते. दगडोबा ऐकत होता. त्याला बरं वाटलं, बायको नव्या जागी रुळतीय.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या बोलण्यात गल्ल्या वाढल्या. पिंजाऱ्यांच्या गल्लीतून डावीकडे वळलं की कासारांची दुकानं. पुढं जुन्या छावणीच्या रस्त्यावर एक पावाची भट्टी. गोरे साहेब होते तेव्हापासूनची, असं अमिनाबी सांगते. तिथं सकाळी पाव निघतो आणि दुपारी नानखटाई. एक दिवस तिनं पदराच्या गाठीतून नानखटाईचा तुकडा काढून त्याच्यापुढं धरला.

"खाऊन तर पाहा."

"कुणाच्या हातची हाय, कुणास ठाऊक," दगडोबा म्हणाला.

"भट्टीतली हाय. इस्तवातून निघती. इस्तवाला काय असतं?"

त्यानं हात पुढं केला नाही. तिनं तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. तिला तो इतका आवडला, याचाच त्याला राग आला.

मग तिच्या तोंडी नवे शब्द यायला लागले. पूर्वी ती 'बरं' म्हणायची, आता 'बराबर' म्हणायची. 'त्रास' गेला आणि 'तकलीफ' आली. आणि नावं यायला लागली. अमिनाबी, कासाराची म्हातारी, भट्टीवाला आणि धर्मसिंग. धर्मसिंग शिकलकर होता, कासारांच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची साण होती. कातऱ्या, अडकित्ते, विळे यांना तो धार लावायचा. साणेतून ठिणग्या कशा उडतात ते शकुबाईनं दोन्ही हातांनी करून दाखवलं.

"धर्मसिंग म्हणला, शकुबाई, तुझा इळा आण, फुकट लावून देतो."

"फुकट काहून?"

"वळख हाय म्हणून."

त्या दिवसापासून दगडोबा ते नाव ऐकायला टपून बसायचा. ती अमिनाबीबद्दल बोलत असली तरी त्याचे कान धर्मसिंगकडे. ती हसली की वाटायचं, दुपारचं काही आठवून हसतीय. ती गप्प बसली की वाटायचं, सांगण्यासारखं नाही म्हणून गप्प आहे. प्रेसवर गाठीची पट्टी ओढताना त्याच्या मनात धर्मसिंगचा चेहरा तयार होत गेला. तरणा, उंच, दाढीला तेल लावलेला, ठिणग्यांच्या मागं दात दाखवत हसणारा.

एकदा शकुबाई म्हणाली, "तुमीबी चला ना माझ्यासंगं. झोपून झोपून काय झोपता? म्या दाखवते तुमाला."

'म्या दाखवते' हे त्याला टोचलं.

"मला काय पाहायचं हाय त्यात," तो म्हणाला. "गल्ल्या त्या गल्ल्या."

पण मार्गशीर्षातल्या एका दुपारी भोंगा वाजल्यावर तो झोपला नाही. बाया फाटकाबाहेर पडल्या आणि जरा अंतर ठेवून तोही पडला. फाटकावरचा अजीज, मिसरूड फुटलेला चौकीदार, म्हणाला, "आज सूरज किधर निकला?" दगडोबा त्याच्याकडे न पाहता पुढं गेला.

कापसाच्या गाड्या, बैलांपुढं टाकलेल्या कडब्याच्या पेंढ्या, चहाचं दुकान, त्यापुढं टांग्यांचा अड्डा. शकुबाईचं हिरवं लुगडं पुढं चाललं होतं. चालतानाच ती कुणाला तरी हात करत होती, कुणाला काही विचारत होती. गावातल्या वाटेवर ती अशी चालत नसे. तिथं ती मागून चालायची. इथं नीलाबाई तिच्या मागं होती.

एका टांग्याला बाजू द्यायला दगडोबा थांबला आणि हिरवं लुगडं दिसेनासं झालं. तो एका गल्लीत शिरला, ती पुढं बंद निघाली. परत आला, दुसरीत शिरला. तिथं सगळीकडे धनुकलीचा आवाज होता आणि हवेत कापूस तरंगत होता. ओसरीवर बसलेल्या एका जाडसर बाईनं त्याला दोनदा इकडून तिकडं जाताना पाहिलं. तिच्यापुढं अर्धी शिवलेली रजई पसरली होती.

"किसकू देखरे भाई?" तिनं विचारलं. "जिनवाले दिखते."

दगडोबा घुटमळला. तिनं त्याला निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"शकुबाई के मालक ना तुम? व्हय की न्हाई? उसने बताई थी, उंचे है, कपाळ पे जखम की खूण है. अरे बैठो बैठो. वो आत्ताच गई धर्मसिंगकने. नीला अंदर लेकरू को पाजरी."

तिचं बोलणं ऐकून शेजारच्या ओसरीवरचा पिंजारी हात थांबवून म्हणाला, "शकुबाईचे मालक का? या की." समोरून कुणीतरी डोकावलं. जो तो तेच म्हणत होता, शकुबाईचे मालक. दगडोबाला त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

धर्मसिंगची साण कुठं, ते अमिनाबीनं सांगितलं. तो गेला. कोपऱ्यावर एक म्हातारा बसला होता. दाढी पांढरीफटक, एका डोळ्यात पडदा पडलेला. तो विळा डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन धार बघत होता. समोर शकुबाई उकिडवी बसली होती आणि म्हाताऱ्याची सून आतून तिला काहीतरी ओरडून सांगत होती. शकुबाईनं मागं वळून पाहिलं तर दगडोबा.

"आलात व्हय," ती म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. "बाबा, हे आमचे मालक."

म्हातारा हसला. बसायला पोतं पुढं सरकवलं.

दगडोबा बसला नाही. "भोंगा होईल," म्हणाला आणि मागं फिरला. परतीची वाट त्याला नीट सापडत नव्हती. शेवटी शकुबाईच पुढं झाली, आणि तो तिच्या मागून फाटकापर्यंत आला.

धर्मसिंग म्हातारा निघाला म्हणून त्याच्या छातीवरचं ओझं उतरायला पाहिजे होतं. ते उतरलं नाही, वाढलंच. एक माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. इथं सगळी गल्लीच होती. त्या गल्लीला शकुबाई ठाऊक होती आणि शकुबाईला ती गल्ली. त्या दोघींच्या मधे त्याला जागाच नव्हती. आणि ती घरी येऊन जे सांगायची ते उरलंसुरलं असायचं. खरी शकुबाई दुपारी तिकडंच असायची, हसायची, बसायची, विचारायची. त्याच्या वाट्याला दमलेली यायची.

आठ-दहा दिवस त्यानं ते मनात ठेवलं. मग एका सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तो मुकादमाकडे गेला. उकंडराव मुकादम घड्याळाला किल्ली देत बसला होता.

"मुकादम, एक बोलायचं होतं."

"बोल."

"दुपारच्याला बाया बाहेर हिंडतात. भोंगा झाला तरी येत न्हाईत. टांगेवाले, कोण कोण असतंय तिकडं. उद्या कुणाचं काही इपरीत झालं तर नाव जिनाचं होईन."

उकंडरावानं त्याच्याकडे पाहिलं. "तुझीबी जाती ना?"

"जाती. म्हणूनच सांगून राहिलो."

मुकादमाला हे सोयीचंच होतं. बाया उशिरा आल्या की रेचे रिकामे फिरायचे आणि म्यानेजर त्याच्यावर उखडायचा. त्यानं दुपारपर्यंत म्यानेजरच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सुटीचा भोंगा झाला तेव्हा फाटक बंद होतं. पत्र्याचं मोठं फाटक, आतून आडवा लोखंडी गज, आणि गजापाशी अजीज मान खाली घालून उभा.

शकुबाई त्या संध्याकाळी म्हणाली, "फाटक बंद केलं आज. काय झालं कुणास ठाऊक."

"कामाची जागा हाय. असंल काही," दगडोबा म्हणाला. त्यानं त्या दिवशी भाकर पोटभर खाल्ली. खूप दिवसांनी तिच्याकडे गल्लीचं सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यानं गावाकडचा विषय काढला. सोनाजीची गाय व्यायली असंल का, हरभरा कसा असंल. ती हुं हुं करत राहिली.

त्याला वाटलं होतं, एक-दोन दिवसांत ती पूर्वीसारखी होईल. पण ती गप्पच होत गेली. आणि नीलाबाईचं दगडोबाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लेकरू सकाळी पाजून ठेवलं की संध्याकाळपर्यंत तिला दिसत नव्हतं. दुपारनंतर तिच्या चोळीवर दुधाचे डाग पडायचे. छाती दगडासारखी होऊन ती रेच्यापुढं वाकून रडायची, आणि हात मात्र कापूस सोडत राहायचे. अमिनाबी लेकराला बकरीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून पाहत होती. ते लेकरू घेत नव्हतं.

बाया मुकादमाला भांडल्या. शकुबाई सगळ्यांत पुढं होती.

"तिचं लेकरू उपाशी ऱ्हातंय, मुकादम. तिला एकटीला तरी सोडा."

"मला काहून बोलता?" उकंडराव वैतागून म्हणाला. "मी आपणहून केलं काय? तुमच्यातल्याच एकीच्या मालकानं येऊन सांगितलं, बायांना सोडू नका म्हणून." आणि त्यानं शकुबाईकडे पाहिलं.

सगळ्या बायांनी शकुबाईकडे पाहिलं. नीलाबाईनंही पाहिलं.

त्या संध्याकाळी शकुबाई खोलीवर आली, चूल पेटवली, पीठ मळलं. दगडोबा दारात बसला होता. तिच्या हालचालीवरूनच त्याला कळलं की हिला कळलंय. भाकरी तव्यावर टाकल्यावर ती बोलली.

"मला म्हणला असता जाऊ नको, तर म्या गेले नसते. भांडले असते, पर गेले नसते. तुमी सगळ्यांना कोंडलं."

"मला काय ठाऊक, नीलाबाईचं लेकरू..."

"ठाऊक होतं. म्या पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तुमी ऐकत नव्हता. तुमी फकस्त गड्यांची नावं ऐकत होता."

तिनं त्याच्यापुढं ताट सरकवलं आणि स्वतः पाठ करून बसली.

दुसऱ्या सकाळी तो परत उकंडरावाकडे गेला. "मुकादम, मी बोललो ते चुकलं. फाटक उघडा."

उकंडराव हसला. "आता ते माझ्या हातात न्हाई, बाबा. म्यानेजर खूश हाय. भोंगा झाला की रेचे लगेच चालू व्हतात. तू तुझं काम कर."

दगडोबानं काम केलं. दुपारी भोंगा झाला, तो सवयीनं गाठींमागं आडवा झाला. पण झोप येईना. थोड्या वेळानं फाटकाकडून गलका ऐकू आला. त्यात एका लेकराचा रडण्याचा आवाज होता. तो उठून गेला.

बाया फाटकापाशी जमल्या होत्या. बाहेरून अमिनाबी लेकरू घेऊन आली होती. पत्र्याच्या पलीकडे ते किंचाळत होतं. आवाज बसलेला, मधेच तुटणारा. अमिनाबी बाहेरून म्हणत होती, "सुबह से कुछ नै लिया गे माय. इत्तासा हो गया." नीलाबाई खाली बसून पत्र्याला डोकं टेकून होती. फाटकात कुठं हाताएवढीही फट नव्हती. शकुबाई दोन्ही तळव्यांनी पत्रा वाजवत होती.

अजीज गजापाशी उभा होता. मग त्यानं एकदम आपला रुमाल खांद्यावर टाकला आणि गजाला हात घातला.

"भाभी, हटो," तो शकुबाईला म्हणाला. "नोकरी गई तो गई. मैं खोलता."

शकुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. दगडोबा गर्दीच्या मागं होता, पण ते पाहणं त्याला स्पष्ट दिसलं. इतक्या विश्वासानं तिनं गावात दगडोबाकडे पाहिलं होतं. आणि त्याच क्षणी त्याला पुढचं सगळं दिसलं. हा पोरगा फाटक उघडणार. आज, उद्या, म्हातारपणी, शकुबाई सांगत राहणार, अजीजनं फाटक उघडलं. गल्लीत सगळे सांगणार. धर्मसिंग सांगणार. नीलाबाईचं पोरगं मोठं होऊन सांगणार.

तो बायांतून वाट काढत पुढं गेला. अजीजला खांद्यानं असं ढकललं की तो भिंतीवर आपटला. गज जड होता, एरवी दोघं मिळून काढत. दगडोबानं तो एकट्यानं उचलला आणि बाजूला टाकला. त्याचा आवाज जिनाच्या शेडपर्यंत गेला. फाटक उघडलं. नीलाबाईनं लेकरू ओढून घेतलं आणि तिथंच गाड्यांच्या आडोशाला मातीत बसून त्याला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं.

म्यानेजर ऑफिसाच्या ओट्यावरून पाहत होता.

संध्याकाळी दगडोबाला कामावरून काढलं. अजीजला काही झालं नाही, कारण त्यानं गज काढला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी गज परत जागेवर होता. बाया रेच्यांपुढं बसल्या पण कापसाला हात लावीनात. बाहेर गाड्यांची रांग रस्त्याच्या वळणापलीकडे गेली होती, गाडीवान आरडाओरडा करत होते. दुपार व्हायच्या आत म्यानेजरनं निरोप पाठवला, फाटक पूर्वीसारखं उघडेल, पण दुसऱ्या भोंग्याला जी आत नसेल तिचा दिवस बुडेल. बायांनी ते कबूल केलं.

ज्या दिवशी त्याला काढलं त्या संध्याकाळी शकुबाईनं बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडे सरळ पाहून विचारलं, "तुमी काहून उघडलं?"

दगडोबाला दुसरं काही सांगता आलं असतं. लेकराची दया आली, माझी चूक मला कळली, असं. ते खोटंही नव्हतं. पण तो म्हणाला, "त्यानं उघडू न्हाई म्हणून."

"कुणी?"

"त्या अजीजनं."

शकुबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती. बराच वेळ हसली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "लेकराएवढा हाय वो तो."

"असू दे."

"खरं बोलला, तेवढं बरं केलं," ती म्हणाली आणि त्याच्या भाकरीवर चटणी वाढली. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही. नीलाबाई त्यानंतरही दगडोबाशी बोलली नाही. समोर आला तर पदर ओढून दुसरीकडे पाहायची.

काही दिवस तो खोलीवर बसून राहिला. शकुबाई कामाला जायची आणि तो पत्र्याखाली रुळांकडे पाहत बसायचा. दुपारचा भोंगा वाजला की त्याचं मन तिच्या मागं फाटकाबाहेर पडायचं आणि टांग्यांच्या अड्ड्यापाशी हरवायचं. गावी परत जायचं तर सोनाजी विचारील, काय झालं, आणि ते सांगणं त्याला नको होतं.

मग एक दिवस शकुबाई म्हणाली, "अमिनाबीच्या दिराला माणूस पाहिजे. गाद्या-रजया गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला. म्या बोलून ठेवलं."

त्याला ते झोंबलं. कामसुद्धा तिच्या ओळखीनं. पण तो गेला. अमिनाबीच्या दिरानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "अच्छा, फाटकवाले." दगडोबाला ते नाव 'शकुबाईचे मालक' यापेक्षा बरं वाटलं.

गुंडाळलेली गादी डोक्यावर घेऊन तो गावभर फिरायला लागला. पहिल्यांदा चुकायचा. घर एका गल्लीत आणि तो दुसऱ्या गल्लीत, डोक्यावर गादी, मागं लेकरांची वरात. पण आता त्याला विचारणं भागच होतं, आणि विचारता विचारता त्याला बोलणंही यायला लागलं. टांगेवाल्यांची ओळख झाली. कोणत्या घरी मागच्या दारानं जायचं, कोणत्या घरी कुत्रं आहे, कोणता जिना गादी घेऊन चढता येत नाही, हे कळलं. वकिलांच्या घरी, तेल्यांच्या आळीत, मशिदीमागच्या बोळात, जुन्या छावणीतल्या ओसाड बंगल्यांपर्यंत तो जायचा. शकुबाईला दुपारच्या सुटीत जेवढं पायी जाऊन येता यायचं तेवढंच गाव ठाऊक होतं. त्याचं गाव त्याहीपुढं वाढत चाललं.

माघ संपताना एका संध्याकाळी तो म्हणाला, "आज कयाधूच्या काठी गेलो होतो. रंगाऱ्यांची वस्ती हाय तिकडं. नदीच्या वाळूवर लुगडी वाळत घातलेली. लाल, निळी, हिरवी. लांबवर. वाळू दिसतच न्हाई."

शकुबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"कुठं हाय ते?"

"लांब हाय. तुला दुपारच्याला जाऊन येणं व्हायचं न्हाई."

"मला कुणी सांगितलं न्हाई त्याचं," ती म्हणाली. "अमिनाबीनंबी न्हाई." आणि परत तांदूळ निवडायला लागली, पण खडे ताटातच राहत होते. तोंड एवढंसं झालं होतं.

दगडोबाला आधी गोड वाटलं. मनातल्या मनात तो त्या वाळूवर पुन्हा एकदा फिरून आला, एकटाच. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तो गोडवा ओसरला. हे काय आहे ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? घास कसा फिरतो, समोरच्याचं हसू कसं सलतं.

"अमावस्येला जीन बंद हाय ना," तो म्हणाला. "जाऊ. दाखवतो तुला."

अमावस्येला ते गेले. या वेळी तो पुढं होता आणि ती मागं. तो सांगत होता, हे अमक्याचं घर, इथं कुत्रं आहे, इथून खाली उतरायचं. ती विचारत होती. दगडोबाचा ऊर भरून आला होता. नदीच्या उतारावर एक रंगारी कढईत कापड ढवळत होता. त्यानं हाक मारली, "या दगडोबा, आज रिकाम्या डोक्यानं?" दगडोबानं शकुबाईकडे पाहिलं, ऐकलं ना तिनं, म्हणून.

तिनं ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक. ती कढईपाशी थांबली होती. रंगाऱ्याच्या बायकोचे हात कोपरापर्यंत निळे होते, आणि शकुबाई ते हात हातात घेऊन विचारत होती, हे जातं का, जेवताना कसं करता, लेकराला घेता तेव्हा लेकरूबी निळं होतं का. ती बाई खदखदून हसली आणि तिला बाजूला बसवून घेतलं. थोड्या वेळानं त्या दोघी वाळूवरून चालत लुगड्यांच्या रांगांमधे गेल्या. बाई हातवारे करून काहीतरी सांगत होती, शकुबाई मान डोलवत होती.

दगडोबा कढईपाशी उभा राहिला. त्याला परत जळायला लागलं, अगदी पहिल्यासारखं. रंगाऱ्यानं विचारलं, "कोण हाय ती?"

"शकुबाई," दगडोबा म्हणाला. "आमच्या घरची." आणि रंगाऱ्यानं पुढं केलेल्या पाटावर बसून तो ती परत यायची वाट पाहायला लागला.